पाच प्रश्न आणि पुढचा तास: ब्रुकफील्ड यांच्या प्रश्नावलीविषयी

शिक्षक आणि विद्यार्थी यांचे नाते दोन्ही बाजूंनी जुळलेले असावे, असे न वाटणारा शिक्षक सापडणे कठीण. पण ते खरोखर जुळले आहे का, हे पडताळून पाहण्याची सोय फार थोड्या वर्गांत असते. स्टीफन ब्रुकफील्ड यांची ‘क्रिटिकल इन्सिडेंट क्वेश्चनेअर’ ही महत्त्वाच्या घटनांविषयीची एका पानाची प्रश्नावली ती सोय करून देते. प्रौढशिक्षणाच्या क्षेत्रात दीर्घकाळ अध्यापन आणि लेखन केलेल्या ब्रुकफील्ड यांनी 1995 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात तिची सविस्तर मांडणी केली, आणि पुढे प्रौढशिक्षणाबाहेरच्या वर्गांतही ती वापरली जाऊ लागली. मी गणित शिकवते आणि शाळेच्या वरच्या वर्गांत ही प्रश्नावली नियमितपणे वापरत आले आहे. तिच्यातून काय हाती लागते, ती कुठे तोकडी पडते आणि कोणी ती हाती घेऊ नये, याविषयी माझे मत आता बऱ्यापैकी पक्के झाले असल्यामुळे हे परीक्षण लिहीत आहे.

प्रश्नावलीत पाच प्रश्न आहेत. या आठवड्यात वर्गात जे चालले होते त्यात तुम्ही सर्वांत जास्त गुंतून गेलात, असा क्षण कोणता? वर्गापासून सर्वांत जास्त तुटल्यासारखे वाटले, तो क्षण कोणता? शिक्षकाची किंवा वर्गातल्या कोणाचीही कोणती कृती तुम्हाला सर्वांत जास्त आधाराची किंवा उपयोगाची वाटली? कोणाची कोणती कृती सर्वांत जास्त गोंधळात टाकणारी वाटली? आणि या आठवड्यात तुम्हाला सर्वांत जास्त आश्चर्य कशाचे वाटले? आठवड्याच्या शेवटच्या तासाच्या अखेरीस पाच ते दहा मिनिटे राखून विद्यार्थी उत्तरे लिहितात. कागदावर नाव घालायचे नसते. एक प्रत शिक्षकाकडे जाते आणि एक विद्यार्थ्याकडे राहते. शिक्षकाने सगळे कागद वाचायचे, पुन्हा पुन्हा येणारे मुद्दे वेगळे काढायचे आणि पुढच्या आठवड्याच्या पहिल्या तासाच्या सुरुवातीलाच ते वर्गासमोर ठेवायचे, एवढीच तिची रीत आहे. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागत नाही आणि कागद-पेनाखेरीज काही लागतही नाही.

या प्रश्नांची घडण मला विशेष मोलाची वाटते. महत्त्वाच्या घटनांवर बोट ठेवून माहिती गोळा करण्याची पद्धत मुळात मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या लष्करी हवाई दलासाठी वैमानिकांची निवड आणि त्यांचे काम यांचा अभ्यास करताना ती आकाराला आली आणि 1954 साली त्यांनी ती शास्त्रीय लेखातून मांडली. माणसाला सरसकट मत विचारले की तो सरसकट उत्तर देतो. त्याऐवजी प्रत्यक्ष घडलेला एखादा प्रसंग आठवायला सांगितला, तर त्या प्रसंगाबरोबर कारणेही वर येतात, हा त्या पद्धतीचा गाभा. वर्गात याचा अर्थ फार सरळ आहे. ‘शिकवणे आवडते का?’ असे विचारले तर विद्यार्थी शिक्षकाचा चेहरा पाहून उत्तर देतो, कारण त्या प्रश्नात शिक्षकाची पारख करण्याची जोखीम असते. ‘कोणत्या क्षणी तुटल्यासारखे वाटले?’ या प्रश्नात ती जोखीम उरत नाही, कारण इथे विद्यार्थी स्वतःविषयी बोलतो. शिक्षकावर टीका न करताही त्याला शिक्षकाला कळायला हवे ते सांगता येते.

माझ्या वर्गातल्या एका कागदावर दुसऱ्या प्रश्नाखाली असे लिहून आले होते की, समीकरण सोडवताना तुम्ही तिसऱ्या ओळीवरून एकदम पाचव्या ओळीवर गेलात, तिथून पुढचे मी नुसते उतरवून घेतले. एवढ्या एका वाक्यात मला तीन गोष्टी मिळाल्या. फळ्यावर दोन्ही बाजूंना एकाच संख्येने भागण्याची पायरी मी गाळली होती. ती पायरी काही विद्यार्थ्यांच्या हातात अजून बसलेली नव्हती. आणि न समजता उतरवून घेणारा विद्यार्थी बाहेरून पाहिला तर समजून लिहिणाऱ्यासारखाच दिसतो. यांतली तिसरी गोष्ट मला कोणत्याही चाचणीतून इतक्या लवकर कळली नसती. तिसऱ्या प्रश्नाखाली पुष्कळदा शिक्षकाचे नावही येत नाही. ‘शेजारच्या मुलीने काही न बोलता आपली वही माझ्याकडे सरकवली’ असे एकाने लिहिले होते. वर्गातली मदत कोणत्या वाटेने फिरते, याचे असे दर्शन फळ्याजवळ उभे राहून होत नाही. प्रश्नात ‘शिक्षकाची किंवा वर्गातल्या कोणाचीही’ असे शब्द घातल्यामुळे विद्यार्थ्यांची नजर एकमेकांकडेही वळते, आणि मला तरी हा या प्रश्नावलीचा सर्वांत दूरदर्शी भाग वाटतो.

तरीही नुसते पाच प्रश्न विचारून नाते उभे राहत नाही. विचारणे हा या साधनाचा सोपा भाग आहे आणि बहुतेक शिक्षक तेवढाच उचलतात. साधनाचा खरा कस लागतो तो पुढच्या आठवड्याच्या पहिल्या तासाला, म्हणजे वाचलेले परत सांगण्याच्या वेळी. हा भाग गाळला तर प्रश्नावली आपल्या परिचयाच्या सत्राअखेरच्या अभिप्राय-फॉर्मसारखी होते. त्या फॉर्मवर विद्यार्थी आकड्यांत गुण देतात, ते गुण कोणत्या तरी तक्त्यात जातात, आणि ज्यांनी ते भरले त्या विद्यार्थ्यांचा वर्ग तोवर संपलेला असतो. त्यांच्या उत्तराने काही बदललेच, तर त्याचा लाभ पुढच्या वर्षीच्या मुलांना होतो. ज्याने सांगितले त्याच्यापर्यंत काहीही परत जात नाही, आणि म्हणून पुढच्या वेळी तो सांगण्याची तसदी घेत नाही. ब्रुकफील्ड यांच्या रीतीत हे अंतर फक्त एका सुट्टीचे असते, आणि ते तेवढेच राखणे ही शिक्षकाची जबाबदारी ठरते.

परत सांगण्याची माझी पद्धत साधी आहे. तास सुरू होताच फळ्याच्या एका बाजूला मी तीन-चार ओळी लिहिते, शक्य तितक्या विद्यार्थ्यांच्याच शब्दांत, आणि प्रत्येक ओळीवर थोडक्यात बोलते. या बोलण्यात तीन प्रकारच्या गोष्टी येतात, आणि प्रत्येक प्रकाराला वेगळे उत्तर द्यावे लागते.

पहिला प्रकार मान्य करण्याजोग्या सूचनांचा. गाळलेली पायरी परत लिहिणे, फळा पुसण्याआधी क्षणभर थांबणे, एखादी व्याख्या पुन्हा एकदा सांगणे अशा या गोष्टी असतात. त्या लगेच करून टाकाव्यात आणि ‘तुमच्यापैकी काहींनी लिहिले होते म्हणून’ असे आवर्जून म्हणावे. हे पाच शब्द म्हटले नाहीत तर बदल झाला तरी तो कशामुळे झाला हे विद्यार्थ्यांना कळत नाही, आणि आपल्या लिहिण्याला वजन आहे हा अनुभव त्यांच्या वाट्याला येत नाही.

दुसरा प्रकार परस्परविरोधी उत्तरांचा, आणि तो जवळजवळ दर आठवड्याला येतो. गटात बसून उदाहरणे सोडवली त्या आठवड्यात निम्म्या वर्गाने तोच क्षण सर्वांत जास्त गुंतल्याचा म्हणून लिहिला आणि बऱ्याच जणांनी तोच क्षण तुटल्याचा म्हणून. कारणही लिहिलेले होते: गटातला सर्वांत वेगवान विद्यार्थी सगळे सोडवून टाकतो आणि बाकीचे पाहत बसतात. ही दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली तेव्हा वर्गात जी चर्चा झाली, ती माझ्या कोणत्याही सूचनेने घडली नसती. आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा आणि मग गटात बसायचे, हा तोडगा विद्यार्थ्यांनीच काढला. अशा विरोधी उत्तरांना ब्रुकफील्ड यांनीही महत्त्व दिले आहे. एकच कृती एकाला उपयोगाची आणि दुसऱ्याला त्रासाची वाटते, हे विद्यार्थ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की शिक्षक वेगवेगळ्या पद्धती का वापरतो हे त्यांना वेगळे पटवून द्यावे लागत नाही. आपल्या सोयीचा तास दुसऱ्या कोणाच्या गैरसोयीचा असू शकतो, ही समज मोठ्या माणसांनाही सहज येत नाही. ती इथे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना येताना दिसते.

तिसरा प्रकार मान्य न करण्याजोग्या मागण्यांचा, आणि परस्पर नात्याची खरी परीक्षा इथेच होते. ‘फळ्याजवळ बोलावू नका’ असे माझ्या वर्गात पुष्कळ जणांनी लिहिले होते. ही मागणी मी मान्य केली नाही. विद्यार्थी फळ्यावर उदाहरण सोडवतो तेव्हा त्याच्या मनातली पायरी मला दिसते, वहीत फक्त उत्तर दिसते, आणि चुकीची पायरी वेळीच दिसली तरच ती सुधारता येते, असे मी वर्गाला सांगितले. पण त्यांना भीती वाटते ती एकटे उभे राहण्याची, हेही त्याच कागदांवर लिहिलेले होते, म्हणून तेव्हापासून दोघांनी मिळून फळ्याजवळ येण्याची पद्धत सुरू केली. विद्यार्थ्यांचे ऐकायचे म्हणजे ते म्हणतील तसे करायचे, अशी एक समजूत काही शिक्षकांमध्ये असते आणि त्या भीतीने ते विचारणेच टाळतात. ब्रुकफील्ड यांची मांडणी तशी नाही. शिक्षकाने आपली कारणे उघड करावीत, शक्य तिथे वाटाघाट करावी, आणि जिथे ठाम राहायचे तिथे का राहायचे ते सांगावे, अशी त्यांची भूमिका आहे. कारणासकट मिळालेला नकार विद्यार्थी समजून घेतात, असा माझा अनुभव आहे. मौन मात्र त्यांना अपमानासारखे वाटते.

शिक्षणाच्या तत्त्वज्ञ नेल नॉडिंग्ज यांनी 1984 पासून मांडलेला आस्थेचा विचार इथे फार उपयोगी पडतो. त्यांच्या मते एकाने दुसऱ्याची काळजी घेतली एवढ्याने आस्थेचे नाते पुरे होत नाही; ज्याची काळजी घेतली जाते त्याने ती स्वीकारली, तिला काही प्रतिसाद दिला, तरच ते नाते पूर्णत्वाला जाते. शिक्षक रात्र रात्र जागून तयारी करत असेल, मनापासून शिकवत असेल, तरी विद्यार्थ्याला ती आस्था पोहोचलीच नसेल, तर नॉडिंग्ज यांच्या अर्थाने तिथे नाते तयार झालेले नाही. हे ऐकायला कठोर आहे, पण त्यात विद्यार्थ्याचा मान राखलेला आहे, कारण नात्याचा अर्धा भाग त्याच्या हाती असल्याचे त्यात मान्य केलेले आहे. पाच प्रश्नांच्या कागदावर नेमका हा अर्धा भाग लिहून येतो. ‘तुम्ही माझ्या बाकाजवळ थांबलात आणि काही बोलला नाहीत, तेव्हा मला धीर आला’ असे एखादा लिहितो आणि दुसरा नेमके तसेच थांबणे गोंधळात टाकणारे म्हणून लिहितो. शिक्षकाची कृती एकच. ती पोहोचली वेगवेगळी.

या क्षेत्रातल्या दुसऱ्या एका प्रसिद्ध साधनाशी तुलना केली की ब्रुकफील्ड यांच्या प्रश्नावलीचे वेगळेपण अधिक उठून दिसते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट पियांटा यांची शिक्षक-विद्यार्थी नात्याची मोजपट्टी संशोधनात मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिच्या मूळ रूपात 28 विधाने आहेत आणि त्यांतून जवळीक, संघर्ष आणि परावलंबन या तीन अंगांची मोजणी होते. ती लहान मुलांच्या शिक्षकांसाठी तयार झालेली आहे आणि तिचे महत्त्व वादातीत आहे. ब्रिजेट हॅमर आणि पियांटा यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 179 मुलांचा बालवर्गापासून आठवीपर्यंत मागोवा घेतला होता, आणि बालवर्गातल्या शिक्षकाशी असलेल्या नात्यातल्या ताणाचा संबंध पुढच्या कित्येक वर्षांच्या अभ्यासाशी आणि वर्तनाशी असल्याचे त्यात आढळले. नात्याचा प्रश्न केवळ भावनेचा नसून शिकण्याचाच आहे, हे ज्यांना पटवून द्यावे लागते, त्यांच्यासाठी हा अभ्यास पुरेसा ठरावा. परंतु ती मोजपट्टी शिक्षक भरतो. नाते दोघांचे असले तरी उत्तर एकाचेच असते. संशोधकाला त्यातून हवे ते मिळते. रोज वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला त्यातून स्वतःचीच समजूत परत मिळते. मला शिक्षकमित्राला एकच साधन सुचवायचे झाले, तर मी ब्रुकफील्ड यांचे सुचवेन.

वर्गातल्या प्रश्नोत्तरांवर या कागदांचा जो परिणाम झाला तोही सांगण्याजोगा आहे. चौथ्या प्रश्नाखाली, म्हणजे गोंधळात टाकणाऱ्या कृतींमध्ये, ‘तुम्ही प्रश्न विचारता आणि लगेच उत्तरही तुम्हीच सांगता’ असे अनेकांनी लिहिले. शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवून दिले होते की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात आणि तो अवधी तीन सेकंदांच्या वर नेला तर उत्तरे लांबतात आणि अधिक विद्यार्थी बोलू लागतात. हे संशोधन अनेक शिक्षकांनी वाचलेले असते, मीही वाचले होते. पण आपल्या वर्गात आपण किती थांबतो ते आपल्याला ऐकू येत नाही. विद्यार्थ्यांना ते ऐकू येते. मी थांबायला सुरुवात केल्यावर पुढच्या आठवड्यात पाचव्या प्रश्नाखाली त्या शांततेचे आश्चर्य नोंदवले गेले, एकाने तर ती भीतिदायक वाटल्याचेही लिहिले. त्यामुळे ही शांतता कशासाठी आहे ते वर्गाला सांगण्याची गरज मला कळली. विद्यार्थी शिक्षकाला शिकवतात असे आपण म्हणतो, ते इतक्या नेमकेपणाने घडताना मी दुसऱ्या कोणत्या मार्गाने पाहिलेले नाही.

विद्यार्थ्याकडे राहणारी प्रत बहुतेक ठिकाणी वाया जाते आणि ही मोठी हानी आहे. ब्रुकफील्ड यांच्या मूळ रीतीत ती प्रत विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शिकण्याची नोंद म्हणून असते आणि अभ्यासक्रमाच्या शेवटी त्याने सगळ्या प्रती एकत्र वाचून आपल्यात काय आढळते ते लिहायचे असते. हे करून घेतले की कागद फक्त शिक्षकाच्या सोयीचा राहत नाही. शाब्दिक उदाहरणे आली की दर वेळी आपण तुटतो आणि आकृती काढली की परत जोडले जातो, हे एखाद्या विद्यार्थिनीला स्वतःच्या हस्ताक्षरात दिसते, तेव्हा ती पुढच्या शिक्षकाकडे काय मागायचे ते शिकलेली असते. देवाणघेवाण म्हणतात ती ही. शिक्षकाला वर्ग कळतो आणि विद्यार्थ्याला आपण कळतो, तेही एकाच कागदावरून.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव निनावीपणातच आहे. त्याच्याविना खरे कोणी लिहिणार नाही, हे मान्य. पण त्यामुळे शिक्षकाचे नाते वर्गाशी जुळते आणि एकेकट्या विद्यार्थ्याशी जुळेलच असे नाही. ‘मला कोणीच गटात घेत नाही’ असे एका कागदावर आले तर ते कोणी लिहिले हे कळायला मार्ग नसतो, आणि शोधत बसणे म्हणजे दिलेला शब्द मोडणे होते. अशा वेळी मी वर्गाला एवढेच सांगते की असे एकाने लिहिले आहे, आणि ज्याला बोलायचे असेल त्याच्यासाठी मी तास संपल्यावर थांबेन. कधी कोणी येते, कधी येत नाही. ज्या विद्यार्थ्याशी संबंध ताणलेला आहे त्याच्यासाठी हे साधन अपुरेच आहे. तिथे मानसशास्त्रज्ञ रेमंड व्लॉडकोव्स्की यांच्या नावाने ओळखली जाणारी, सलग दहा दिवस रोज दोन मिनिटे त्या विद्यार्थ्याशी अभ्यासाबाहेरच्या विषयावर बोलण्याची साधी रीत जास्त उपयोगी पडते. शिक्षणसंशोधक हंटर गेलबाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात 315 विद्यार्थी आणि त्यांचे 25 शिक्षक सहभागी होते. आपल्यात आणि विद्यार्थ्यात कोणत्या आवडी आणि मते सारखी आहेत ते कळल्यावर शिक्षकांना ते नाते अधिक चांगले वाटू लागले आणि त्या विद्यार्थ्यांचे गुणही सुधारले. म्हणजे ओळख ही एकेकाशीच करावी लागते. निनावी कागद तिची जागा घेऊ शकत नाही.

दुसरी उणीव वेळेची. पाच उत्तरांचे पन्नास-साठ कागद दर आठवड्याला वाचणे हे वह्या तपासणे सांभाळून करायचे काम आहे आणि ते अंगावर येते. मोठ्या वर्गात मी आळीपाळीने एकतृतीयांश विद्यार्थ्यांकडून लिहून घेते. त्यात थोडे हरवते, पण वाचून होत नाही म्हणून परत सांगायचे राहून गेले, तर सगळेच हरवते. सातत्याने लिहून विद्यार्थीही कंटाळतात, आणि सत्राच्या मध्याला ‘सगळे ठीक’ अशी उत्तरे येऊ लागतात. तेव्हा दोन-तीन आठवडे थांबावे. मोकळे सोडलेले रकाने मात्र दुर्लक्षू नयेत; तुटण्याचा रकाना वर्गभर मोकळा येत असेल, तर बहुधा अजून विश्वास बसलेला नाही, असे समजावे.

हस्ताक्षर ओळखू येते ही छोट्या वर्गातली खरी अडचण आहे. ऑनलाइन फॉर्मने ती सुटते असे वाटते, पण तिथे ईमेलने प्रवेश करावा लागत असेल तर विद्यार्थी निनावीपणावर विश्वास ठेवत नाहीत आणि त्यांचे चुकते असे म्हणता येणार नाही. शिवाय घरी जाऊन भरलेल्या फॉर्मवर क्षण येत नाहीत, मते येतात. वर्गात, तास ताजा असताना, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घेणे हेच मला अजून सर्वांत चांगले वाटते. एखाद्या सोबत्याचे नाव घेऊन दुखावणारे काही लिहून आले, तर ते मी वर्गात कधीही वाचत नाही आणि हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवते. दहा-अकरा वर्षांखालच्या मुलांना पाच प्रश्न झेपत नाहीत, कारण आठवडाभरातला एक क्षण वेचून काढणे त्या वयात अवघड जाते. त्यांना दिवसाच्या शेवटी पहिले दोनच प्रश्न तोंडी विचारावेत.

एका बाबतीत मात्र मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. हे कागद शिक्षकाच्या मूल्यमापनासाठी वरिष्ठांनी मागवू नयेत, आणि मागवले तर प्रश्नावली त्या दिवशी बंद करावी. आपल्या लिहिण्याने शिक्षकाचे काही बरेवाईट होणार आहे हे कळले की प्रेमळ विद्यार्थी खोटे चांगले लिहितात आणि रागावलेले खोटे वाईट. शिक्षकही मग जे वाचून दाखवायचे ते निवडून वाचू लागतो. ज्या संस्थेत शिक्षकाला आपली उणीव बोलून दाखवण्याची मुभा नाही, तिथे विद्यार्थ्यांना ती मुभा मिळेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे, आणि तिथे या साधनाने सुरुवात करू नये.

ज्यांना आपल्या वर्गाशी बोलण्याची खरोखर ओढ आहे आणि ऐकलेल्याला कारणासकट उत्तर देण्याची तयारी आहे, अशा कोणत्याही विषयाच्या शिक्षकाला मी ही प्रश्नावली निःशंकपणे सुचवते. सुरुवात सत्राच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात करावी, कारण त्याआधी विद्यार्थ्यांजवळ लिहिण्याजोगे प्रसंग जमलेले नसतात आणि परीक्षा जवळ आल्यावर सगळी उत्तरे परीक्षेभोवती फिरतात. पहिले कागद वाचताना काही वाक्ये बोचतात. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावीत आणि मगच वर्गात काय सांगायचे ते ठरवावे. परत सांगण्यासाठी तासाची पहिली दहा मिनिटे वेळापत्रकातच राखून ठेवता येत नसतील, तर ती राखता येईपर्यंत प्रश्नावली वाटू नये.